खेळाडू कोणाचा उमेदवार असतो?

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. मुंबई शहरातल्या भायखळा-परळ भागात अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. त्यांना १३,२४५ मतं पडली. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध दिलेल्या उमेदवाराला ११,२२५. फरक अवघ्या २,०२० मतांचा. पडलेला उमेदवार वकील नव्हता, संपादक नव्हता, गिरणी कामगारांचा पुढारीही नव्हता. साठी गाठलेला, क्रिकेटमधून कधीच निवृत्त झालेला तो डावखुरा फिरकी गोलंदाज होता. नाव बाळू पालवणकर. त्या काळच्या धावफलकांवर पी. बाळू.

रामचंद्र गुहांनी २००२ साली भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि बाळूंना त्यात मानाची जागा दिली, तेव्हा कुठे मराठी वाचकांनाही या माणसाची नव्याने ओळख झाली. त्यांच्या गोलंदाजीबद्दल तेव्हापासून बरंच लिहिलं गेलं आहे. निवडणुकीबद्दल मात्र लोक जरा अवघडून बोलतात. बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिलेला दलित उमेदवार म्हटल्यावर त्याचा गौरव कसा करायचा, आणि क्रिकेटमधलं त्याचं कर्तृत्व पाहता त्याला दोष तरी कसा द्यायचा, अशी ती अडचण आहे. मला वाटतं, या अडचणीतच बसून विचार करायला हवा. कारण खेळाडू राजकारणात गेल्यावर नेमकं काय होतं, हे या एका लढतीत जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे सहसा दिसत नाही.

ग्रीसचं उदाहरण घ्या. थिओदोरोस झागोराकिस हा २००४ साली युरो चषक जिंकणाऱ्या ग्रीक फुटबॉल संघाचा कर्णधार. लिस्बनला यजमान पोर्तुगालला १-० ने हरवून त्या छोट्याशा देशाने सगळ्या युरोपला चकित केलं, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून झागोराकिसची निवड झाली. दहा वर्षांनी, २०१४ साली, तो न्यू डेमॉक्रसी या पक्षाकडून युरोपीय संसदेवर निवडून गेला. यात नवल काहीच नाही. त्या चषकावर अख्ख्या ग्रीसची मालकी होती. त्याला मत देणाऱ्याला, हा आपला की परका, असा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. हा झागोराकिस १९९८ ते २००० या काळात इंग्लंडमध्ये लेस्टरच्या संघातून खेळला. त्याच लेस्टरच्या काउंटी संघाला, लेस्टरशायरला, १९११ साली क्रिकेटमध्ये हरवणाऱ्या भारतीय संघात बाळू होते. पण दोघांतलं साम्य इथेच संपतं. बाळूंच्या विजयावर टाळ्या वाजवणाऱ्यांतले कितीतरी लोक त्यांच्या हातचं पाणी प्यायले नसते.

बाळूंचा जन्म १८७५-७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात त्यांना पहिलं काम मिळालं ते खेळपट्टी झाडण्याचं आणि रोलर ओढण्याचं. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले, तिथे चार रुपये. जाळी बांधायची, फक्कीच्या रेषा मारायच्या, टेनिसचं कोर्ट आखायचं आणि साहेब सरावाला आले की चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येई आणि बाळूंना जाळ्यात गोलंदाजी करायला लावी. बाद केलं की आठ आणे देई, असं सांगतात. असे शेकडो तास बाळूंनी चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. घाम गाळण्याचं आणि चेंडू आणून देण्याचं काम तेवढं नोकराचं. जगातल्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत ज्याची गणना व्हायला हवी होती, त्याची तालीम ही अशी झाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, आणि त्यासाठी बाळूंवाचून गत्यंतर नव्हतं. त्यांना घ्यावं की नाही यावर संघात वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी आणून देणारा नोकरही अस्पृश्यच. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाला त्यांच्याच मैदानावर हरवल्यावर पुण्यात त्यांचे सत्कार झाले, न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांनी त्यांचं कौतुक केलं, आणि पंगतीतलं अंतर हळूहळू कमी झालं. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी करत हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालचा संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या समारंभातलं मानपत्र लिहिणारा आणि अर्पण करणारा तरुण विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर.

तेव्हाच्या आंबेडकरांना बाळू म्हणजे आपल्या समाजातला पहिला सर्वमान्य नायक वाटत होता. त्यांच्या सुरुवातीच्या भाषणांत बाळूंचा उल्लेख अभिमानाने येई. मग पंचवीस वर्षांत असं काय घडलं की ही दोन माणसं एकाच जागेसाठी समोरासमोर उभी राहिली?

माझं उत्तर असं. बाळूंना त्यांच्या आयुष्याने एक गोष्ट पटवून दिली होती: आपण इतके चांगले खेळलो की त्यांना आपल्याला आत घ्यावंच लागलं. आधी संघात घेतलं, मग पंगतीत, मग सभेच्या व्यासपीठावर. प्रत्येक पायरी त्यांनी बळी घेऊन मिळवली होती. असा माणूस राजकारणात येतो तेव्हा साहजिकच त्याचा भर हिंदू समाजाचं मन वळवण्यावर असतो. तो गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणावर विश्वास ठेवतो, कारण त्याने माणसं बदलताना डोळ्यांनी पाहिलेली असतात. म्हणून बाबासाहेबांनी मागितलेल्या, फक्त अस्पृश्यांनी मत द्यायच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात बाळू गेले, आणि हिंदू महासभेचे नागपूरचे डॉ. मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघाचा करार करणारे दलित पुढारी एम. सी. राजा यांच्या बाजूला राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशीच पी. बाळू यांचीही आहे. मध्यंतरी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेला उभं राहून ते पडले. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही त्यांना मान्य झाली नाही.

हे सगळं दबावाखाली किंवा लालसेपोटी झालं असं मी मानत नाही. बाळूंना भाबडं किंवा कोणाच्या हातातलं बाहुलं म्हणणाऱ्यांनी ती चहाची भांडी आठवावीत. तो अपमान गिळून त्यांनी जे कमावलं, त्याच्यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती खरी होती.

पण ती एका माणसाच्या अनुभवावर उभी होती. बाबासाहेबांचा आक्षेप इथेच होता. ज्याला फिरकी टाकता येत नाही, ज्याच्यामुळे कोणीही सामना जिंकणार नाही, त्या माणसाने पाणवठ्यावर कसं जायचं? महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांनी आधी कुठलीही पात्रता सिद्ध केली नव्हती, आणि ती करायची गरजही नव्हती. पाणी पिण्यासाठी गुण लागत नाहीत. हक्क हा गुणवत्तेचा मोबदला ठरला की तो थोड्यांच्याच वाट्याला येतो, आणि देणारा मात्र कायम देणाराच राहतो.

संयुक्त मतदारसंघातही नेमकी हीच गोम होती. ब्रिटिश सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघाच्या ७१ जागा मिळत होत्या, पुणे करारात त्या १४८ झाल्या. आकडा दुपटीने वाढला, पण अखेरच्या निवडणुकीत राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्यांच्या मतांनी निवडला जाणार, हे ठरलं. अशा जागेवर स्वतःच्या समाजात कमी पण इतरांत जास्त आवडता असलेला माणूस निवडून येऊ शकतो, ही बाबासाहेबांची भीती. आणि सगळ्यांना आवडता असा दलित माणूस शोधायचा झाला, तर खेळाडूपेक्षा सोयीचा कोण मिळणार? त्याचं कोणाशी वैर नसतं. त्याने कोणाची सावकारी मोडलेली नसते, जमीन मागितलेली नसते, विहिरीवर मोर्चा नेलेला नसतो. त्याच्यामुळे सगळ्यांना केवळ आनंद मिळालेला असतो.

मुंबई प्रांतात त्या करारानुसार १५ राखीव जागा होत्या. बाळूंसारखा लोकप्रिय चेहरा काँग्रेसला विधानसभेत खरोखरच हवा असता, तर त्यातली एखादी सोपी जागा त्यांना देता आली असती. त्यांना उभं केलं ते थेट आंबेडकरांसमोर. त्यांची गरज कशासाठी होती, हे याहून स्पष्ट कुठला ठराव सांगू शकेल असं मला वाटत नाही. महार आणि चांभार या दोन समाजांतलं अंतरही या उमेदवारीत वापरलं गेलं, हे लपवून चालणार नाही. बाबासाहेबांसमोर सर्वमान्य, सौम्य दलित उमेदवार देण्याची ही रीत पुढेही चालू राहिली. १९५२ ला उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून, आणि १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून बाबासाहेब हरले. घटना लिहिणाऱ्या माणसाला आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या उंबऱ्यावर पराभव पत्करावा लागला. दोनच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, ते चंद्रपूरला आले आणि त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. मतपेटीने जे नाकारलं होतं ते लोकांनी चालत येऊन दिलं.

मी हे सिंदेवाहीत बसून लिहितो आहे, आणि आमच्यासाठी ही नुसती जुनी गोष्ट नाही. हा तालुका चंद्रपूर जिल्ह्यात असला, तरी लोकसभेला आम्ही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मत देतो. २००९ पासून ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उमेदवार आदिवासी, मतदार सगळे. म्हणजे पुणे कराराने घातलेली चौकट आमच्या बोटावरच्या शाईत आजही आहे. मी राखीव जागांच्या विरोधात नाही, त्या नसत्या तर या जंगलपट्ट्यातला गोंड किंवा माडिया माणूस दिल्लीच्या सभागृहात क्वचितच दिसला असता. पण आदिवासी उमेदवार कोणी निवडला, त्याला तिकीट देणाऱ्यांना त्याच्याकडून काय हवं होतं, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारण्यासारखा आहे.

आणि खेळ? दिवाळीनंतर धान कापून झालं की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. रात्री झाडीपट्टीचं नाटक, दिवसा दंडारीचा लोकनाच, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि जवळपास प्रत्येक गावात कबड्डीचे सामने. शाळेच्या पटांगणात किंवा कापणी झालेल्या बांधीत जमीन सारखी करतात, फक्कीच्या रेषा मारतात, बांबूवर हॅलोजन चढवतात. बाहेरगावच्या टीम पिकअपमधून येतात, अंगावर एकसारख्या बनियन, पाठीवर कोणा दात्याचं नाव. बॅनरवर पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस कोणाकडून, हे फोटोसह छापलेलं असतं. खेळाडूंचे फोटो त्या बॅनरवर मी अजून पाहिलेले नाहीत. उद्घाटनाला नेता येतो, दोन्ही कर्णधारांशी हस्तांदोलन करतो, एखादी चढाई करून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो. पण ज्यांची चढाई बघायला गाव जमलेलं असतं, त्यांना त्या रात्री कोणी काही विचारत नाही. तुमच्या आश्रमशाळेत शिक्षक आहेत का? वाघाच्या भीतीने पहाटेचा सराव बंद पडला, त्याचं काय झालं? वनहक्काचा दावा कुठे अडकला?

याच मुलांतली बरीच जण पुढे पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करतात. पहाटे धुक्यात रस्त्याच्या कडेने धावतात, कारण पोलीस भरतीचे सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत संपवायचे असतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्या प्रमाणपत्रासाठी स्पर्धेमागून स्पर्धा खेळतात. यात वाईट काही नाही. रेल्वेतली नोकरी बाळूंनाही त्यांच्या चेंडूनेच दिली होती. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं ‘मिशन शौर्य’ या सरकारी मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा जिल्ह्याला किती आनंद झाला होता हे मला आठवतं. मलाही झाला. तरीही सत्काराच्या भाषणांतून जे वारंवार बोललं गेलं त्याने मी अस्वस्थ झालो: संधी दिली की आदिवासी मुलंही करून दाखवतात. ‘करून दाखवतात’. म्हणजे दाखवायचं त्यांनी आणि बघायचं आपण. जी हजारो मुलं कुठलंही शिखर चढणार नाहीत, त्यांच्या वसतिगृहाला नीट छत असायला त्यांनी काय करून दाखवायचं?

खेळाडूने राजकारणात जाऊ नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जयपाल सिंह मुंडांचं आयुष्य त्याला मोठं उत्तर आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार. ऑक्सफर्डला शिकलेले, आयसीएसची वाट सोडून आलेले. १९३९ ला ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि संविधान सभेत १९४६ च्या डिसेंबरात उभे राहिले ते आपण जंगलातले आदिवासी आहोत हे अभिमानाने सांगत. त्यांनी ऑलिम्पिक पदकाच्या जोरावर मत मागितलं नाही. कोणाच्या जमिनी, कोणाची जंगलं, कोणाचा प्रांत, हे बोलून मागितलं. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत त्यांचा झारखंड पक्ष बिहार विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष बनला. पुढे १९६३ ला त्यांनीच तो काँग्रेसमध्ये विलीन केला आणि त्यांच्या लोकांना ते फार लागलं. पण सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं त्यांनी हॉकीचा कर्णधार आणि आदिवासींचा पुढारी यांतलं दुसरं नाव आधी ठेवलं. गोंडवानाच्या या भागात त्यांचं चरित्र शाळेत शिकवायला हवं, असं मला फार वाटतं.

बाळूंच्या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग मात्र मी मागे ठेवला आहे. कर्णधारपद. हिंदू संघात त्यांच्या इतका ज्येष्ठ आणि यशस्वी गोलंदाज दुसरा नव्हता. प्रथम श्रेणीत ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. तरी वर्षानुवर्षं नेतृत्व सवर्ण खेळाडूंकडेच राहिलं. १९२० च्या, हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना वगळलं, आणि कर्णधार एम. डी. पै आजारी पडल्यावर ज्येष्ठ पालवणकर बंधूंना डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बाळूंच्या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. नुसती घेतली नाही, आपण का बाहेर पडतो आहोत याचं जाहीर निवेदन काढलं: जातीमुळे होणारा हा अन्याय आम्ही सहन करणार नाही. मुंबईत खळबळ माजली. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाचं नेतृत्व एका चांभार कुटुंबातल्या माणसाने केलं. १९२३ ला विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते आज जुन्या ग्रंथालयांत शोधावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

पंधरा वर्षांत घेतलेल्या सगळ्या बळींनी जे झालं नाही, ते एका नकाराने झालं. आधीचे बळी नसते तर त्या नकाराला किंमत आली नसती, हे मान्य. पण दार उघडलं ते गोलंदाजीने नव्हे, आम्ही खेळत नाही असं सांगितल्यावर. बाबासाहेब सांगत होते ते यापेक्षा वेगळं काय होतं? पालवणकरांच्या घराला तो धडा महाडच्या सात वर्षं आधी, मैदानावर मिळाला होता. १९३२ आणि १९३७ साली निर्णय घेताना बाळूंनी आयुष्यभराच्या सत्कारांना वजन दिलं, १९२० च्या त्या निवेदनाला दिलं नाही. मला त्यांची खरी चूक इथे दिसते. काँग्रेसमध्ये जाण्यात किंवा बाबासाहेबांविरुद्ध लढण्यात ती तितकीशी नव्हती.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं. अंत्यदर्शनाला क्रिकेटपटू आले, तसे दलित पुढारी आणि संसद सदस्यही आले. निवडणुकीतला कडवटपणा लोकांनी मनात ठेवला नव्हता, आणि आपणही ठेवू नये.

आमच्या तालुक्यातल्या एखाद्या कबड्डी संघाच्या कर्णधाराला उद्या कोणी तिकीट देऊ केलं, तर त्याने ते घ्यावं असंच मी म्हणेन. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मला कुठल्या जागेवर उभं करता, आणि समोर कोण आहे? आणि तिकिटाची वाट पाहत बसण्याआधी एखाद्या मंडईत, उद्घाटनाला पाहुणे आलेले असताना, संघाने रेषेबाहेर उभं राहून सांगावं की आश्रमशाळेचं वसतिगृह दुरुस्त होईपर्यंत आम्ही या मैदानात उतरत नाही. गाव चिडेल, बक्षीस देणारे चिडतील, एक रात्र सामना होणार नाही. विठ्ठल आणि शिवराम यांच्यावरही मुंबई अशीच चिडली असणार.